हीमा हे रसायन चालत नाही, मग दाढेत काय भरायचं? लालबागच्या एका रुग्णाचं प्रकरण

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा दवाखान्यात पाऊलच टाकेनात. दारातून विचारलं, "डॉक्टर, आत काय टाकलंय?" मावशींनी नुकतीच फिनेल घालून लादी पुसली होती आणि देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती अजून जळत होती. ताईंनी ओढणी नाकाला लावली होती आणि डोळे लाल झाले होते. मी जिन्यात खुर्ची टाकली आणि केसपेपर तिथेच लिहिला. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 38. राहायला लालबागला, काम परळला नणंदेच्या पार्लरमध्ये. तक्रार उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेची, म्हणजे आमच्या भाषेत सेहेचाळीस नंबरची. थंड लागतं, जेवताना अन्न अडकतं, रात्री मात्र ठणकत नाही. दाढेला कीड आहे हे त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. तेव्हाच एका दवाखान्यात वरच्या उपदाढेत पांढरं फिलिंग लाइट मारून भरलं होतं. तिसऱ्या दिवशी ओठ सुजले, गालाची आतली बाजू लाल होऊन चरचरायला लागली, आणि हे सगळं दहा दिवस चाललं. परत गेल्यावर उत्तर मिळालं, "फिलिंगची ॲलर्जी नसते हो, तुम्ही टेन्शन घेता." त्यानंतर ताई कुठल्याच दातांच्या डॉक्टरकडे फिरकल्या नाहीत.

सोबत प्लास्टिकची फाइल होती. त्यात इंटरनेटवरून छापून घेतलेली 'सुरक्षित मटेरियल'ची यादी आणि बाहेर पाठवून करून घेतलेल्या, बऱ्याच महागड्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. रिपोर्टमध्ये दातांच्या साहित्याची कितीतरी नावं होती, काहींपुढे हिरवी खूण, काहींपुढे लाल. मागणी एकच होती: "मला केमिकल नसलेलं सिमेंट भरा."

पाणीसुद्धा केमिकलच आहे, हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. दिलं नाही याचं आज बरं वाटतं, कारण ते दिलं असतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

मी त्यांना सगळ्या त्रासांची वेळ विचारत गेले. वास आल्यापासून किती मिनिटांनी? फिलिंगनंतर किती तासांनी? अशा रुग्णाची माझी सगळी चौकशी या घड्याळावर उभी असते. ताईंच्या तक्रारी हळूहळू तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. फिनेल, परफ्यूम, ताजा रंग, लेडीज डब्यातल्या डिओचा भपका यांनी डोकं दुखतं, घसा आवळतो. तो त्रास दोन-चार मिनिटांत सुरू होतो आणि मोकळ्या हवेत अर्ध्या तासात कमी होतो. खोट्या कानातल्यांनी पाळीला खाज येते, ती शाळेपासूनची. फिलिंगची सूज मात्र दोन दिवस उलटल्यावर आली होती. दोन दिवसांनी उठणारी आणि आठवडाभर टिकणारी सूज व लाली हे उशिराच्या, पेशींमार्फत होणाऱ्या संपर्क ॲलर्जीचं नेहमीचं वागणं आहे. ती टेन्शनने होत नाही, आणि वासानेही होत नाही.

मग मी त्यांचे हात बघायला मागितले. दोन्ही हातांच्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं कोरडी, सोलवटलेली, भेगाळलेली होती. तळवे मात्र स्वच्छ.

"पार्लरमध्ये काय काम करता?"

"आधी थ्रेडिंग, फेशियल. चार वर्षं झाली जेल नेल्स करते. त्यालाच गिऱ्हाईक जास्त."

यूव्ही लॅम्पखाली कडक होणाऱ्या बऱ्याच जेल नेलपॉलिशांत एक मोनोमर, म्हणजे साखळीत जोडला जाण्याआधीचा सुटा लहान रेणू, असतो: हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट. इंग्रजी आद्याक्षरं जोडून आम्ही त्याला हीमा म्हणतो. दातात पांढरं फिलिंग चिकटवण्याआधी जो पातळ बाँडिंगचा थर लावतात, त्यातही बहुतेक वेळा हाच हीमा असतो. कडक व्हायच्या आधी त्याचे रेणू लहान आणि चपळ असतात. ते कातडीत शिरतात, पातळ हातमोज्यांतूनही काही मिनिटांत आरपार जातात. जेल सुकल्यावर नखावर उरणारा चिकट थर ताई वर्षानुवर्षं उघड्या बोटांनी पुसत होत्या. शरीराची हीमाशी ओळख पार्लरमध्ये झाली आणि दात भरताना तोच पाहुणा तोंडात आला, असा माझा अंदाज होता. 2019 मध्ये युरोपातल्या त्वचातज्ज्ञांनी नेहमीच्या पॅच टेस्टच्या, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी बघायच्या चाचणीच्या, मूळ यादीत हीमाचा समावेश केला. नखांच्या जेलमुळे वाढलेली ॲलर्जी हे त्यामागचं मोठं कारण होतं.

अंदाजावर दाढ भरायची नव्हती, आणि पॅच टेस्टची तारीख मिळेपर्यंत पोखरलेली दाढ उघडी ठेवणंही बरोबर नव्हतं. म्हणून भूल न देता, हाताच्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ कीड जेवढी सहज निघेल तेवढी काढायची आणि तात्पुरतं सिमेंट भरायचं ठरवलं. लवंगेच्या वासाचं झिंक ऑक्साइड युजेनॉल मी बाजूला ठेवलं. युजेनॉल हा स्वतः ओळखीचा ॲलर्जन आहे आणि टेस्ट व्हायची होती. राहिलं ग्लास आयोनोमर.

इथे माझ्या हातून चूक होता होता राहिली. मी सहायकाला म्हटलं, "ग्लास आयोनोमर काढ." तिने हाताला आला तो डबा दिला. त्यावर ग्लास आयोनोमर हेच नाव होतं, फक्त खाली बारीक अक्षरांत लाइट क्युअर लिहिलेलं होतं. लाइटने कडक होणाऱ्या ग्लास आयोनोमरमध्ये रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं कडक होणारं द्रव्य, मिसळलेलं असतं, आणि ते रेझिन बहुतेक वेळा हीमाच असतं. एका नावाची, एकाच कपाटातली ही दोन सिमेंटं. एक या बाईला चालण्यासारखं, दुसरं तिचे ओठ पुन्हा सुजवणारं. तेव्हापासून दोन्ही वेगळ्या खणांत आहेत आणि लाइटवाल्यावर मी लाल चिकटपट्टी लावली आहे. डब्यावरचं नाव पुरेसं नसतं. आतला कागद किंवा कंपनीचं सुरक्षा माहितीपत्रक काढून घटक वाचावे लागतात.

साधं, हाताने कालवायचं ग्लास आयोनोमर वेगळ्या रीतीने घट्ट होतं. फ्लोराइड असलेल्या खास काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्लाचं पाणी एकत्र केलं की आम्ल-अल्कलीची क्रिया होते. लाइट लागत नाही, बाँडिंग लागत नाही, दातातल्या कॅल्शियमला ते स्वतःच धरतं. हे सांगत असताना ताईंनी जो प्रश्न विचारला तो माझ्या शिकाऊ विद्यार्थ्यांपैकी कुणी आजवर विचारलेला नाही: "पॉलिॲक्रिलिकमध्ये पण ॲक्रिलिक आहे की! मग ते कसं चालतं?"

आहे. पण ॲलर्जी होते ती सुट्या, लहान मोनोमरमुळे. त्याच्या टोकाला एक मोकळा दुहेरी बंध असतो, आणि तो आपल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. पॉलिॲक्रिलिक आम्लात असे पुष्कळ तुकडे कारखान्यातच एकमेकांना जोडून लांब साखळी झालेली असते. ती कातडीतून आत शिरायला फार मोठी, आणि चिकटायचा बंध आधीच खर्ची पडलेला. ताईंनी हे फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. दाढ भरली. तीन दिवस रोज फोन करून विचारलं. काही झालं नाही.

पॅच टेस्ट एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात झाली. मी पत्रात मुद्दाम लिहिलं होतं की आपल्याकडची नेहमीची यादी नको, दंतसाहित्याची वेगळी मालिका लावा, नाहीतर हीमा आणि त्याच्या कुळातले बाकीचे मेथाक्रिलेट सगळे तपासले जात नाहीत. आपल्या शहरात या टेस्टची स्वतःची अडचण आहे. पाठीवर चिकटवलेले छोटे कप 48 तास जागचे हलता कामा नयेत, पाठ भिजता कामा नये. ऑक्टोबरच्या घामात ते पहिल्याच संध्याकाळी सुटतात, आणि करी रोडहून गर्दीची गाडी पकडली तर दुसऱ्याच्या पर्सने निघून येतात. म्हणून जानेवारीची तारीख घेतली. ताईंनी सुट्टी टाकली, नणंद नाराज झाली. कप काढल्यावर एकदा, 96 तासांनी पुन्हा, आणि धातूंची क्रिया कधीकधी उशिरा उठते म्हणून सातव्या दिवशी तिसऱ्यांदा पाठ बघितली गेली.

निकाल असा: हीमा ठळक पॉझिटिव्ह, दोन अधिक (अधिकची चिन्हं जितकी जास्त, तितकी क्रिया जोरात). त्याचाच भाऊबंद इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट, एक अधिक. निकेल एक अधिक, म्हणजे कानातल्यांचा हिशोब लागला. पारा, युजेनॉल, सोनं, अत्तरांचं मिश्रण, सगळं निगेटिव्ह.

रक्ताच्या महागड्या रिपोर्टमध्ये पाऱ्यापुढे लाल खूण होती आणि रेझिनपुढे हिरवी. नेमकी उलट. ती तपासणी रक्तातल्या प्रतिपिंडांवर आधारलेली होती. मेथाक्रिलेटची संपर्क ॲलर्जी टी-पेशी घडवून आणतात, ती अशा प्रतिपिंडांत दिसत नाही. त्या रिपोर्टवर विसंबून मी पांढरं फिलिंग भरलं असतं तर काय झालं असतं, ते ताईंना सांगावं लागलं नाही. कागद त्यांनीच फाइलमधून काढून घडी करून पर्समध्ये टाकला.

अत्तरांचं मिश्रण निगेटिव्ह आल्याने मात्र त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे वासाचं सगळं माझ्या मनातलंच?" हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक अशा रुग्णाचा असतो, आणि त्याला सरळ उत्तर देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. अनेक रसायनांच्या वासाने त्रास होण्याच्या या स्थितीचं कारण अजून नक्की झालेलं नाही. 1996 मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे 'कारण अज्ञात असलेली पर्यावरणीय असहिष्णुता' असं नाव सुचवलं गेलं ते त्यामुळेच. वास झाकून घेतलेल्या चाचण्यांत अशा व्यक्तींना रसायन कोणतं आणि साधी हवा कोणती हे भरवशाने ओळखता आलेलं नाही. याचा अर्थ घसा आवळत नाही असा होत नाही. आवळतो, मी जिन्यात बघितलं. पण फिनेलच्या वासाने होणारा त्रास आणि हीमाने होणारी सूज यांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी मी माझी खोली बदलू शकते, दुसऱ्यासाठी मटेरियल. दोन्ही एका पोत्यात घातलं की बाईला एकतर वेडी ठरवलं जातं नाहीतर सगळ्या दुनियेची ॲलर्जी लावून दिली जाते.

त्यानंतरची चर्चा सगळ्यात लांब चालली, आणि ती किडलेल्या दाढेबद्दल नव्हती. ताईंना तोंडातलं जुनं सगळं काढून हवं होतं: वरच्या उपदाढेतलं पांढरं फिलिंग, आणि शाळेत असताना डाव्या दाढेत भरलेली चांदी. मी नाही म्हटलं. पांढरं फिलिंग दोन वर्षांपूर्वीचं, कडा घट्ट, आजूबाजूचा हिरडा-गाल शांत. त्रास देणारे सुटे मोनोमर पहिल्या काही दिवसांत बाहेर येतात, ते येऊन गेले. आता ते मशीनने काढलं तर बारीक धूळ तोंडभर उडणार आणि निरोगी दातही थोडा जाणार. चांदीचंही तसंच. या चांदीत, म्हणजे दातांच्या अमाल्गममध्ये, वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, आणि त्याची वाफ सर्वांत जास्त निघते ती भरताना आणि उकरून काढताना. ताईंना पाऱ्याची ॲलर्जी नव्हती, फिलिंग शाबूत होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे विकार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांना अमाल्गम टाळायला सांगितलं. त्याच सूचनेत चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग विनाकारण काढू नका, हेही होतं. ताईंना हे पटायला दोन भेटी लागल्या. मी घाई केली नाही.

आता खुद्द दाढ. कीड माथ्यावर आणि पुढच्या बाजूला, म्हणजे दोन पृष्ठभागांवर, खोल, पण दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे सगळे उभे. खरं सांगायचं तर ॲलर्जीच्या हिशोबाने चांदी चालली असती आणि टिकलीही असती. पण ताईंना तिच्यासोबत शांत झोप लागली नसती. शिवाय पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिल्यानंतर मी स्वतः चांदी वापरणं कमी करत बंद केलं होतं. पांढरं कंपोझिट, म्हणजे लाइट मारून भरायचं रेझिनचं फिलिंग, बाद. हीमा नसलेलं बाँडिंग मिळतं, पण दुसराही मेथाक्रिलेट पॉझिटिव्ह होता आणि ही मंडळी एकमेकांच्या ओळखीवर आत येतात. अशा फिलिंगच्या खोक्यावर 'बीपीए-मुक्त' छापलेलं असतं, लोक ते बघून निर्धास्त होतात. बीपीए हे प्लास्टिकमधलं दुसरंच रसायन. त्याचा प्रश्न वेगळा, हीमाचा वेगळा.

सिरॅमिकचा तुकडा प्रयोगशाळेतून बनवून चिकटवणं हा छान उपाय, पण तो तुकडा धरून ठेवायला बहुधा रेझिन सिमेंटच लागतं. पूर्ण झिर्कोनियाची, म्हणजे एका कठीण पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप साध्या ग्लास आयोनोमरने बसते, कारण ती स्वतःच्या आकारानेच दाताला पकडते. त्यासाठी मात्र दाढ चारी बाजूंनी तासावी लागते. सोन्याचं इन्ले, म्हणजे दाढेच्या खड्ड्यात बसेल असा घडवलेला तुकडा, साध्या सिमेंटवर सुंदर बसतं. पण दातांच्या सोन्यात पॅलेडियम असू शकतं, निकेलवाल्यांपैकी अनेकांना पॅलेडियमही सोसत नाही, आणि सोन्याचा भाव ऐकून ताई हसल्याच. स्वस्त धातूच्या कॅपमध्ये निकेल, म्हणून तीही नाही.

तर निवड अशी उरली: जास्त घट्ट, दाढांसाठी बनवलेलं साधं ग्लास आयोनोमर, जे कंपोझिटपेक्षा लवकर झिजेल, कदाचित एखादा कोपरा तुटेल, किंवा आज दाढ तासून टिकाऊ कॅप. मी ताईंना म्हटलं, तासलेला दात परत येत नाही, झिजलेलं सिमेंट पुन्हा भरता येतं. मी तुमच्या जागी असते तर सिमेंट घेतलं असतं. त्यांनी तेच घेतलं.

सकाळी साडेआठची, दिवसातली पहिली वेळ दिली. आदल्या रात्री लादी नुसत्या पाण्याने पुसली. अगरबत्ती बंद. मावशींना मोगऱ्याचा गजरा आणि सहायकाला परफ्यूम लावून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी देवाला नुसतं फूल वाहिलं. दवाखान्यात सर्रास वापरायच्या भुलेच्या मोठ्या बाटलीत पॅराबेन हे टिकाऊपणाचं द्रव्य असतं, आणि ॲड्रेनलिन असेल तर सल्फाइटही. पूर्वी इंजेक्शननंतर धडधड झाल्याचं ताई सांगत होत्या, ती ॲड्रेनलिनची असावी. म्हणून ॲड्रेनलिन नसलेल्या मेपिव्हॅकेनचं एकदाच वापरायचं कार्ट्रिज घेतलं. हातमोजे आणि रबर डॅम (दाढ वेगळी ठेवणारा पातळ पडदा) दोन्ही लॅटेक्स नसलेले.

एवढं करूनही, अजून एकही बाटली उघडली नव्हती तेव्हा घसा आवळला. शेजारच्या दवाखान्यातून सॅनिटायझरचा वास येत होता. आम्ही थांबलो, खिडकी उघडली, दहा मिनिटं काही बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, "घ्या आता."

दाढेच्या नसेवरची शेवटची, चामड्यासारखी कीड मुद्दाम तशीच ठेवली, कडा मात्र पूर्ण स्वच्छ केल्या. दहा टक्के पॉलिॲक्रिलिक आम्ल वीस सेकंद लावून धुतलं, दात ओलसर चकाकता ठेवला, कारण फार सुकवला की हे सिमेंट धरत नाही. स्टीलची पट्टी लावताना त्यांनी निकेलचं विचारलं. स्टीलमधलं निकेल घट्ट बांधलेलं असतं आणि पट्टी पाच-सात मिनिटांत निघते, एवढं सांगितल्यावर मान हलवली. सिमेंट दाबून भरलं. वर कंपनीचं चकचकीत कोटिंग लावायची पद्धत असते. ते कोटिंगही लाइटने सुकणारं मेथाक्रिलेट असतं, आणि इतकी काळजी घेऊन शेवटच्या थेंबाला घात होऊ शकतो. आम्ही साधी पेट्रोलियम जेली चोपडली.

तिसऱ्या दिवशीच्या फोनवर त्या म्हणाल्या, "ओठ आहे तसाच आहे, डॉक्टर." मला सातव्या दिवसापर्यंत धाकधूक होती.

सहा महिन्यांनी माथा थोडा झिजला होता. चौदाव्या महिन्यात पुढचा काठ तुटला, अन्न अडकायला लागलं. त्याच सिमेंटने पुन्हा बांधला, अर्धा तास लागला. नस जिवंत आहे, थंड लागत नाही. पुन्हा तुटला तर झिर्कोनियाची कॅप करू, हे दोघींनाही ठाऊक आहे. जेल नेल्सचं काम त्यांनी सोडलं. बोटं दीड महिन्यात भरून आली. नणंदेने त्या कामाला दुसरी मुलगी ठेवली, आणि ताईंनी तिला पहिल्या दिवशी चिकट थर हाताने न पुसायला शिकवलं. फिनेलचा त्रास आहे तसाच आहे.

मी त्यांना एक कार्ड करून दिलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हीमा आणि मेथाक्रिलेटची ॲलर्जी, पॅच टेस्टने सिद्ध. टाळा: दातांचं बाँडिंग, लाइट क्युअर ग्लास आयोनोमर, रेझिन सिमेंट, हीमा असलेली दात शिवशिवण्यावरची औषधं, तोंडातच कालवून कवळीला लावायचं ॲक्रिलिक, जेल आणि ॲक्रिलिक नखं. विचारून घ्या: गुडघा किंवा खुबा बदलताना वापरायचं हाडांचं सिमेंट, ग्लुकोज सेन्सर आणि ईसीजीच्या पट्ट्यांचा चिकट भाग. चालतं: साधं ग्लास आयोनोमर, झिर्कोनिया.

गेल्या महिन्यात त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरत होतं. ताईंनी कार्ड काढून त्या सर्जनना दाखवलं आणि विचारलं, "माझी वेळ आली तर माझ्या गुडघ्यात काय घालाल?" सर्जननी कार्डाचा फोटो काढून घेतला आणि मला फोन केला.